मॉकटेल : बिनदारूचं, पण बिनधोक?

लग्नाच्या हॉलमध्ये पाणीपुरी आणि डोशाच्या शेजारी हल्ली आणखी एक काउंटर असतो. उंच ग्लास, त्यात निळं-हिरवं पेय, काठावर लिंबाची चकती. नाव 'मॉकटेल'. तालुक्याच्या गावातही हे आलंय. मग एखाद्या सासूबाई हळूच विचारतात, "हे तसलं नाही ना गं?"

नाही, तसलं नसतं. 'मॉक' म्हणजे नक्कल. रम, साखर, लिंबू, पुदिना आणि सोडा एकत्र केला की क्यूबाचं 'मोहितो' हे कॉकटेल होतं. त्यातली रम काढली की झालं 'व्हर्जिन मोहितो'. म्हणजे आपलं पुदिन्याचं लिंबू सरबतच, फक्त सोडा घातलेलं!

मग दोन्हींत बरं कोणतं? दारूपुरतं बोलायचं, तर उत्तर सरळ आहे. दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. दारूमुळे होणाऱ्या कॅन्सरांत स्तनांचा कॅन्सरही आहे. शिवाय बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूनं तिच्या रक्तातलं अल्कोहोल पुरुषापेक्षा जास्त चढतं. कॉकटेलमध्ये गोडाखाली दारूची चव लपते, म्हणून किती पोटात गेली तेही कळत नाही.

पण दारू काढली म्हणजे पेय निर्दोष झालं का? जरा हिशेब करू. निम्मी साखर, निम्मं पाणी असा पाक ३० मिली घेतला, तर त्यात सुमारे १८ ग्रॅम साखर. वर २०० मिली गोड शीतपेय ओतलं की आणखी वीसेक ग्रॅम. एका ग्लासात आठ-नऊ चमचे साखर झाली! दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असावी, हे उत्तम, असं हीच संघटना सांगते. आपण मात्र "दारू नाही ना, मग पी" म्हणून मुलांच्या हातात दुसरा ग्लासही देतो. ज्यांच्या घरी मधुमेह आहे, त्यांनी तर हे लक्षात ठेवायलाच हवं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. टीव्हीवर दारूची जाहिरात करायला बंदी आहे. तेव्हा त्याच नावाचा सोडा येतो, पाणी येतं, आणि आता '०.०' बिअरही आली आहे. बडवायझरची अशी बिअर भारतात आली आहे. नाव तेच, रंग तोच, डबाही तसाच. दारू घ्यायला महाराष्ट्रात २५ वर्षं वय लागतं, बिअर-वाइनला २१. या डब्याला ती अट नाही. तो किराणा दुकानातही मिळू शकतो, आणि दहावीतल्या मुलाला त्या नावाची ओळख तिथेच होते. २००८ च्या आदेशामुळे आपल्या बायका मतदान करून गावातलं दारूचं दुकान बंद पाडू शकतात, निम्म्याहून जास्त बायकांनी 'आडवी बाटली'ला मत दिलं तर. या डब्यांसाठी मात्र आडवी बाटली नाही.

आणखी एक. भारतातल्या नियमांनुसार ०.५ टक्क्याच्या वर अल्कोहोल असेल तरच पेय 'मद्य' ठरतं. म्हणून 'नॉन-अल्कोहोलिक' लिहिलेल्या प्रत्येक बाटलीत शून्यच असेल, असं धरू नका. गरोदर बाईनं लेबल वाचावं. घरात कुणी दारू सोडली असेल, तर बिअरच्या वासाची, चवीची बाटली आणून त्याची परीक्षा घेऊ नये. त्याला कोकम सरबत द्या, ताक द्या.

मॉकटेलचा एक फायदा मात्र मी मानते. नोकरीच्या गावी, ऑफिसच्या पार्टीत आपल्या मुलीला हातात ग्लास घेऊन सगळ्यांत उभं राहता येतं, "घे ना थोडी" हा आग्रह टळतो. फक्त तिला एवढं सांगून ठेवा : ग्लास स्वतः मागून घे, समोर बनवून घे, टेबलावर सोडून गेलीस तर परत तोंडाला लावू नकोस. दारू मिसळलेलं आणि न मिसळलेलं दिसायला सारखंच असतं.

पण मला विचाराल, तर नुसतं "नको" म्हणणंही पुरे व्हायला हवं. न पिणाऱ्यानं पिणाऱ्यासारखं दिसायचं कशाला? तुमच्या घरचं कार्य असेल तेव्हा केटररला आधीच सांगा, पन्हं ठेवा, सोलकढी ठेवा, साखर बेताची घाला. आणि काउंटरवर रंगीत बाटली दिसलीच, तर ती उलटी करून मागचं लेबल वाचायला लाजू नका.