अनुशेष

मराठीच्या मास्तराने हिशेबात पडू नये म्हणतात. पण मला त्यात एका शब्दानेच ओढले. शब्द ‘अनुशेष’. कोशापेक्षा सरकारी कागदांनीच तो आम्हां मराठवाड्यातल्या लोकांच्या तोंडी बसवला. परवा वर्गात फळ्यावर लिहून अर्थ विचारला, तर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, आमच्या गावचा वढा! पूर आला की आमचं कॉलेज बुडतं.” पोरे हसली. मी हसलो नाही, कारण पावसाळाभर तिच्या नावापुढे गैरहजेरीच मांडत आलो होतो.

1984 साली वि. म. दांडेकरांच्या समितीने हा अनुशेष मोजला. माप सोपे होते: राज्याची सरासरी काढायची आणि जो जिल्हा तिच्याखाली राहील त्याची तूट लिहायची. साऱ्या महाराष्ट्राची तूट 3,186 कोटी रुपये निघाली, त्यांत मराठवाड्याची सुमारे 750 कोटी. आता गंमत पाहा. आमचे कळमनुरी तेव्हा परभणी जिल्ह्यात. येलदरी-सिद्धेश्वरचे पाणी पूर्णेकाठच्या वसमत-परभणीकडे गेले. सरासरीत मात्र आमची कोरडवाहू शिवारेही थोडी ओली झाली! 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. वसमत आमच्याबरोबर आले आणि सरासरीही आली.

आमच्या उशाला पैनगंगेवर इसापूरचे मोठे धरण आहे. त्याचा उजवा कालवा तालुक्यातून पुढे नांदेडकडे जातो. परंतु पाणी उताराचे गुलाम. कालव्याच्या खालच्या अंगाला ऊस डोलतो आणि वरच्या अंगाचा शेतकरी बांधावर बसून तो पाहतो. दोघांचा तालुका एक, सातबाराचा नमुनाही एकच. मोठ्या कामांना माझा विरोध नाही; धरण नसते तर खालचाही कोरडाच राहिला असता. पण धरणाला कोटींचा आकडा मिळतो, आणि ओढ्यावरच्या फरशीपुलाला कोणत्या सरासरीत बसवायचे?

असो. परीक्षेला बसायचे तर पाऊण हजेरी लागते. परवा हिशेब केला. वर्गाची सरासरी उत्तम निघाली; ती मुलगी मात्र कमी पडली. सवलतीचा अर्ज मीच भरून दिला आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला: ‘ओढा’.

कारकुनाने चष्मा वर करून विचारले, “सर, हिचा ओढा कशाकडे?”