आधी जाळी बघा, मग मशीन रानात घाला

कसबा बावड्यात राजाराम कारखान्यामुळं बोलणं सगळं उसाचं. सोयाबीन आपलं मधल्या मधलं पीक. म्हणूनच की काय, दसऱ्याच्या सुमाराला हार्वेस्टर आला की आपण फक्त "एकरी किती घेणार?" एवढंच विचारतो.

मीही तेच विचारलं होतं. मशीन आदल्या दिवशी भात काढून आलेलं, तसंच सोयाबीनमध्ये घुसलं. टाकीतून मूठभर दाणे घेतले, तर त्यात डाळच डाळ. ऑपरेटर म्हणाला, "माल लई वाळलाय, मी काय करू?" वाळला होता, खरं आहे. पण जाळी ढिली करणं त्याच्याच हातात होतं.

ड्रमखाली कमानीसारखी जाळी असते. दोघांच्या फटीत पीक घासलं जाऊन दाणा सुटतो. गव्हाची लोंबी चिवट, तिला फट कमी आणि ड्रम जोरात लागतो. सोयाबीनची वाळली शेंग धक्क्यानंच फुटते; तिला फट जास्त, वेग कमी. घरचं बी ठेवायचं असेल तर हे फारच सांभाळा. दाण्यात 13 टक्के ओल असेल तर ड्रमचे मिनिटाला 300 ते 400 फेरे पुरेत, 14 टक्के असेल तर 400 ते 500. सोयाबीनचा कोंब पातळ सालीच्या लगेच खाली असतो. वरून धड दिसणारा दाणाही आत मार खाऊन बसलेला असतो, आणि ते कळतं पेरल्यावर.

तेव्हा वीस पावलं मशीन चालवा आणि थांबवा. टाकीत डाळ दिसली तर आधी वेग कमी, मग जाळी सैल. मागं पडलेल्या काडात न फुटलेल्या शेंगा असतील तर जाळी थोडी आवळा. भुसकटात सुटे दाणे उडत असतील तर जाळीला दोष देऊ नका, पंखा आणि चाळण बघा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही. सकाळी दवानं शेंग चिवट असते, दुपारी कडक. सकाळची जाळी दुपारी चालत नाही. आणि इंजिन बंद केल्याशिवाय कुणीही आत हात घालायचा नाही, ऑपरेटरनंसुद्धा.

बियाण्याची पोती चार-पाचाच्या वर रचू नका. मे महिन्यात शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. 70 उगवले तर खुशाल पेरा.