भीमथडीचं तट्टू

गेल्या महिन्यात एका मित्राच्या लग्नात माझ्याकडे घोड्याचं डिपार्टमेंट आलं होतं. (इंजिनियर लोकांच्या ग्रुपमध्ये लग्नाची कामं अशीच वाटली जातात, मॉड्यूलवाइज.) घोडेवाल्याला फोन केला तर त्याचा पहिला प्रश्न, "साहेब, पांढरी पाहिजे का तांबडी?" पांढरीचा रेट तांबडीच्या जवळजवळ दुप्पट. मी विचारलं, फरक काय? तर म्हणाला, "फरक काय म्हंजे? पांढरी हाय ना ती!"

आता कामाचं स्वरूप बघा. बँडच्या मागे पाऊण किलोमीटर चालायचं, पाठीवर सत्त्याऐंशी किलोचा नवरदेव, कानाशी ढोल आणि फटाके. या कामाला लागतं काय? मजबूत पाठ आणि शांत डोकं. रंगाचा काही संबंध? मी तांबडीच्या बाजूने बरंच बोललो, पण नवरदेवाच्या आईपुढे आपण काय बोलणार! पांढरीच आली. जवळ जाऊन पाहिलं तर तिच्या नाका-डोळ्यांभोवतीची कातडी चक्क काळी. ते डोक्यात राहिलं आणि पुढचे दोन वीकेंड घोड्यांवर वाचण्यात गेले.

तर मंडळी, ही अशी "पांढरी" घोडी जन्मतः पांढरी नसतेच. बाजारात तिला सब्जा म्हणतात. शिंगरू काळं किंवा तांबडं जन्मतं आणि दरवर्षी थोडं थोडं पिकत सहा-आठ वर्षांत पांढरं होतं. म्हणजे आपल्यासारखंच, फक्त फार लवकर. २००८ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी यामागचा बदल शोधून काढला. एसटीएक्स१७ नावाच्या जनुकाचा एक तुकडा चुकून दोनदा आला आहे. कॉपी-पेस्टची चूक! हजारो वर्षांपूर्वी एका घोड्यात झाली आणि जगभरातले असे पिकणारे घोडे त्याचेच वंशज. ही चूक फुकटही नाही. असे घोडे पंधरा वर्षांच्या पुढे गेले की त्यांच्यातल्या बहुतेकांना शेपटीखाली वगैरे कातडीच्या गाठी येतात, मेलॅनोमाच्या.

जन्मापासून पांढरा आणि कातडी गुलाबी, तो नुकरा. त्याचा भाव आणखी वर. तिकडे अमेरिकेत पांढऱ्या ठिपक्या-पट्ट्यांच्या पेंट घोड्यांचं असंच वेड आहे. त्यांच्यात एक बदल असा आहे की तो आई-बाप दोघांकडून आला तर शिंगरू संपूर्ण पांढरं, देखणं जन्मतं आणि काही दिवसांत मरतं, कारण त्याच्या आतड्यांत मज्जातंतूच तयार झालेले नसतात. आता तपासणी निघाली म्हणून ठीक. नाहीतर रंगासाठी जोड्या लावणाऱ्यांना दर चार शिंगरांमागे एक असा हिशेब बसायचा.

उरलेल्या घोड्यांचा रंग मुळात दोन बिटांचा खेळ आहे. पहिलं जनुक ठरवतं की काळा रंग बनवायचा की नाही. नाही, तर घोडा सगळा तांबूस. बनवायचा असेल तर दुसरं ठरवतं की तो अंगभर पसरवायचा की फक्त आयाळ, शेपटी आणि पायांवर ठेवायचा. अंगभर म्हणजे काळा, नुसत्या टोकांना म्हणजे कुमैत. त्यावर पांढऱ्याचे शिंतोडे पडून अबलख होतो, चारही पाय आणि तोंड पांढरं असेल तर पंचकल्याणी. पंचकल्याणी शुभ, अमुक ठिकाणचा भोवरा अशुभ, यावर आपल्याकडे ग्रंथच्या ग्रंथ आहेत. घोडा पळतो किती, या प्रश्नाचं उत्तर मात्र यातल्या एकाही खुणेत नाही.

खरी गंमत चालीत आहे. घोडा साधा चालतो तेव्हा टापांचे चार सुटे ठोके ऐकू येतात. दुडकीला दोनच, कारण पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम पडतो, मग दुसरी जोडी. स्वाराची हाडं खिळखिळी होतात ती इथे. (माथेरानला ज्यांनी हौस केलीय त्यांना दुसऱ्या दिवशीचं ऑफिस आठवत असेल.) त्यापुढे तीन ठोक्यांची दौड आणि मग चौखूर धाव, जिच्यात प्रत्येक ढांगेत एक क्षण चारही पाय हवेत असतात. त्या क्षणी पाय असतात कुठे, हे माणसाला हजारो वर्षं घोड्यावर बसूनही माहीत नव्हतं. चित्रकार पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून काढायचे. १८७८ साली कॅलिफोर्नियात माय्‌ब्रिजने ओळीने कॅमेरे लावून फोटो काढले तेव्हा कळलं की त्या क्षणी पाय पोटाखाली गोळा झालेले असतात.

शिवाय काही घोड्यांना एक जादाची चाल येते, अंग न हलवता तुरुतुरु जायची. मारवाडीची रेवाल चाल प्रसिद्ध आहे, तसंच आइसलँडच्या घोड्यांचं. आइसलँडच्या घोड्यांत ती येते डीएमआरटी३ या एका जनुकातल्या एका अक्षराच्या फरकाने, हे २०१२ साली सापडलं. एक अक्षर बदललं की पाठीच्या कण्यातलं पायांचं टायमिंगच बदलतं! रंग म्हणजे थीम बदलणं, चाल म्हणजे आतला कोड.

एवढं सगळं पुराण लावायचं कारण म्हणजे भीमथडी.

भीमेच्या थडीचं, म्हणजे काठाचं, ते भीमथडीचं तट्टू. स्थानिक घोड्यांत अरबी वगैरे रक्त मिसळून दख्खनच्या कोरड्या, खडकाळ मुलखात घडलेलं. खांद्याला जेमतेम १३० सेंटीमीटरच्या आसपास. चित्रातले आणि पुतळ्यातले मराठ्यांचे घोडे उंच, पांढरेशुभ्र, मान वाकवलेले असतात. पण मराठी फौजेचं पळणं ज्यांच्या जिवावर चालायचं ते हे बुटके, बहुतेक तांबडे-तपकिरी घोडे. मिळेल तो चारा खायचा आणि घाट चढायचा. स्वतःचं घोडं घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. आपल्या भाषेत सांगायचं तर स्वतःचा लॅपटॉप आणणारा काँट्रॅक्टर आणि कंपनीच्या लॅपटॉपवरचा एम्प्लॉयी. १८१८ नंतर ती फौज संपली आणि तट्टवांचं मोठं गिऱ्हाईकही. भाषेत उरलं काय, तर "भाड्याचं तट्टू" ही शिवी.

तरी जात टिकली. कोणी टिकवली? धनगरांनी. दिवाळीनंतर बारामती, दौंड, फलटण भागातून मेंढरं घेऊन निघायचं, काही कोकणात उतरतात, पावसाळ्याला परत. रोज नवा मुक्काम आणि सगळं बिऱ्हाड घोड्यांवर: भांडी, वाकळा, जाळी, चालता न येणारी कोकरं, वर बांधलेल्या कोंबड्या. घोडी लादायचं काम बहुतेक बायका करतात आणि ते बघण्यासारखं असतं. लंगडणारी किंवा बुजणारी घोडी त्या वाड्यात दोन महिनेसुद्धा टिकणार नाही. म्हणजे रोज टेस्टिंग चालू होतं, शेकडो वर्षं, आणि टेस्ट केस एकच: उद्या सकाळी परत चालायला उभी राहते का?

२०२३-२४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी वगैरे सात होत्या, ही आठवी. मला मनापासून आनंद झाला. आणि भीतीही वाटली.

भीती अशी. नोंद झाली की वर्णन आलं: इतकी उंची, असे कान, असे रंग. वर्णन आलं की प्रदर्शन, प्रदर्शन आलं की बक्षीस, आणि बक्षीस मिळतं ते दिसण्याला. सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी दरवर्षी दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे लाखांच्या बोली कशावर लागतात? उंची, रंग, नाच. त्यात गैर काही नाही, हौसेला मोल नसतं. पण त्या बाजारात भीमथडी उभं करायचं तर दहा पिढ्यांत त्याला उंच, पांढरं आणि नाचरं करावं लागेल. कागदावर नाव भीमथडी, आत भलताच घोडा. अरबी घोड्याचं हे झालेलं आहे. वाळवंटात मैलोन्‌मैल जाणारा घोडा, पण प्रदर्शनवाल्यांना त्याचा खोलगट चेहरा आवडला, म्हणून तोच आणखी खोलगट करत नेला. २०१७ साली अमेरिकेतल्या अशा एका शिंगराचा व्हिडिओ फिरला तेव्हा याला श्वास तरी नीट घेता येईल का, असं पशुवैद्य विचारू लागले.

उलट रेसकोर्स बघा. तिथे रंग ही रेसबुकातली एक नोंद, बस. घड्याळ काय म्हणतं ते खरं. थरोब्रेडच्या नाजूक पायांबद्दल मलाही तक्रार आहे, पण निदान परीक्षा खरी आहे.

दिवाळीनंतर सासवड रस्त्यावर एक वाडा चालला होता. गाडी बाजूला घेऊन मी एका आजोबांना विचारलं, ही घोडी विकणार का? (घ्यायची नव्हती, भाव कळावा म्हणून.) ते म्हणाले, "हिला इकल्याव भांडी काय माझ्या डोस्क्याव न्यू?" मग आपणहून सांगितलं की थोरला पोरगा चाकणला कंपनीत लागलाय, धाकटा म्हणतो टेम्पो घेऊ. चराईची रानं बंद होत चालली आहेत, हायवेवर मेंढरं गाडीखाली जातात. टेम्पो आला की घोडी गेली. त्या पोराला "जात टिकव" असं मी कुठल्या तोंडाने सांगणार? मी स्वतः एसी ऑफिसात बसतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पैसा घालायचाच असेल तर तो कामाला घाला. वाड्यावर चालणाऱ्या घोडीच्या मालकाला वर्षाला काही रक्कम द्या, फिरता पशुवैद्य द्या. आणि भीमथडीची प्रदर्शनं भरवायचीच तर एक परीक्षा सक्तीची करा. लांब पल्ल्याच्या एन्ड्युरन्स स्पर्धेत टप्प्यावर घोड्याची नाडी ठरलेल्या वेळात मिनिटाला ६४ पर्यंत उतरली नाही तर तो बाद होतो. पद्धत तयार आहे, फक्त उचलायची. पाठीवर पन्नास किलो, वीस किलोमीटर, मधे एक घाट, टप्प्यावर नाडी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर पाय बघणार. फॉर्मवर रंगाचा रकाना हवा असेल तर ठेवा, शेवटच्या पानावर.