टाकी कोपऱ्याच्या मापाची की माशांच्या मापाची?

शाळेच्या प्रवेशदालनात खाऱ्या पाण्याचा फिश टँक असावा, अशी सूचना काही पालकांकडून आली आहे. माळव्यातल्या आपल्या मुलांना समुद्र दिसतो तो सुट्टीत, आणि तोही सगळ्यांना नाही. म्हणून या सूचनेचे आम्ही मनापासून स्वागत करतो. मात्र सुचविलेली टाकी उंच आणि अरुंद आहे : तळ 60 बाय 60 सेंटिमीटर आणि उंची 120. दाराजवळच्या कोपऱ्यात ती शोभून दिसेल, यात शंका नाही. तरीही आमचे मत असे की टाकी आडवी घ्यावी : लांबी 120, रुंदी 60, उंची 60.

दोन्हींत पाणी सारखेच मावते, 432 लिटर. आठवीच्या विद्यार्थ्यांनी गुणाकार करून पाहावा. फरक आहे तो पाण्याच्या पृष्ठभागाचा. हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळतो तो मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून. उभ्या टाकीत हा पृष्ठभाग 3600 चौरस सेंटिमीटर आहे, आडवीत 7200. शिवाय गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात प्राणवायू सुमारे वीस टक्के कमी विरघळतो. मासेही लांबीत पोहतात. उंची वाढवून त्यांची धाव वाढत नाही.

उभ्या टाकीच्या तळाशी पाण्याचा दाब दुप्पट, म्हणून काच जाड आणि महाग. तळाची सफाई करायला हातही पोहोचणार नाही. जी टाकी साफ करणे अवघड, ती हळूहळू साफ होईनाशी होते, हे शाळा चालवणाऱ्यांना सांगायला नको.

काहींचे म्हणणे, मग दोन फुटांची छोटीच टाकी घ्या, स्वस्त पडेल. पण थोड्या पाण्यात चूक लगेच भोवते. मुलांनी जास्त खाद्य टाकले किंवा एखादा मासा मेला, तर अमोनिया झपाट्याने वाढतो; उन्हाळ्यात वीज गेली की पाणी लवकर तापते. मोठ्या टाकीत निदान सावरायला वेळ मिळतो.

जागेचाही विचार हवा. पाणीच साडेचारशे किलोच्या आसपास. काच, दगड, स्टँड धरून वजन सहाशेच्या घरात जाते. म्हणून टाकी तळमजल्यावर, ऊन न येणाऱ्या भिंतीलगत असावी. लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम, म्हणजे पहिल्याच भरणीला 15 किलो सागरी मीठ लागेल. हा खर्च एकदाच संपणारा नाही. पाणी बदलावे तसे मीठ लागतच राहते.

2003 च्या ‘फाइंडिंग निमो’मुळे मुले निमो आणि डोरी दोघांची मागणी करणार. निमोच्या जातीचा क्लाउनफिश दहा सेंटिमीटरच्या आसपास वाढतो आणि त्याची पैदास आपल्या देशातही होते. त्याची जोडी आपल्याकडे सुखाने राहील. डोरीचा निळा टँग तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्याला ही टाकीही अपुरी. तो आणू नये. जिवंत प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, तेव्हा त्यांचा प्रश्नच नाही.

विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की आडव्या टाकीला जागा आणि दरवर्षीचा खर्च, दोन्ही मंजूर करावेत. या वर्षी शक्य नसेल तर एक वर्ष थांबू. जीव आणायचा, तर आधी त्याच्या मापाचे घर करावे; मुलांना यातून एवढे कळले तरी टाकी सार्थकी लागली असे आम्ही मानू.