काळी वाळू कुणाची?

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, म्हणजे लोह, टायटॅनियम आणि ऑक्सिजन. वितळलेल्या क्षारात वीज सोडून त्यातला ऑक्सिजन काढता येतो. उरलेला मिश्रधातू दाबाखाली हायड्रोजन शोषतो, वजनाच्या सुमारे १.८ टक्के, दाब उतरला की परत देतो. उद्याच्या इंधनाची ही तिजोरी!

मग देवरूखच्या आमच्या पोरांनी फक्त वाळूच उपसायची?

बाबासाहेबांनी १९३७ साली खोतीविरुद्ध विधेयक आणलं. १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे हवेत, असं मांडलं. खनिज कंपनीला, घमेलं आम्हाला, ही नवी खोतीच. आम्हाला धातुशास्त्राची प्रयोगशाळा हवी आणि मालकीत वाटाही. उपकार नको, हक्क हवा.

जय भीम!