ओस दऱ्यांचे सौंदर्य

'निर्जन' हा शब्द मराठी प्रवासवर्णनकारांचा मोठा लाडका. निर्जन किनारा, निर्जन पठार, निर्जन दरी. तो आला की पाठोपाठ 'नीरव शांतता' येते, मग 'मानवी स्पर्शापासून अलिप्त असा निसर्ग' येतो आणि शेवटी लेखक अंतर्मुख होतो. गेल्या जूनमध्ये मामा-मामींबरोबर स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तरेतून आठ दिवस मोटारीने हिंडण्याचा योग आला, आणि तेव्हापासून या शब्दाशी माझे भांडण आहे. संपादकांनी खरे तर प्रवासवर्णन मागितले होते; त्याऐवजी हे भांडणच वाचकांपुढे ठेवते.

प्रथम एक कबूल केले पाहिजे. तो मुलूख विलक्षण सुंदर आहे. ग्लासगो सोडून तासाभरात लॉख लोमंडचे पाणी रस्त्याच्या कडेला येते आणि मग पाणी आठ दिवस आपली पाठ सोडीत नाही. 'लॉख' म्हणजे तळे, एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण समुद्राचा हात डोंगरांत घुसला तरी त्यालाही तिथे लॉखच म्हणतात. म्हणजे काही लॉख ही तळी आणि काही चक्क खाड्या! लॉख नेस मात्र तळेच : ३७ किलोमीटर लांब, सुमारे २३० मीटर खोल. इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्या तळ्यांचे पाणी एकत्र केले तरी त्याची बरोबरी होत नाही. तिथल्या राक्षसाबद्दल मी काही लिहिणार नाही. त्याच्यावर पुष्कळांचे पोट चालते.

लोमंडच्या पुढे रॅनखचे दलदलीचे पठार लागते आणि ते संपते तिथे ग्लेन्कोची खिंड. दोन्ही बाजूंनी काळे डोंगर असे अंगावर येतात, की मोटारीतली बोलणी आपोआप थांबतात. १३ फेब्रुवारी १६९२ च्या पहाटे इथे मॅकडोनल्ड कुळातल्या सुमारे ३८ माणसांची कत्तल झाली. आणि ती केली त्यांच्याच घरी जवळजवळ दोन आठवडे पाहुणचार झोडलेल्या सैनिकांनी. ही गोष्ट तिथे येणाऱ्या प्रत्येकाला कळते. मार्गदर्शक सांगतात, पुस्तिका सांगतात. मीही ती शहारून ऐकली. पण मग उत्तरेकडे जाऊ लागलो, दरीमागून दरी ओलांडू लागलो, आणि एक साधा प्रश्न मनात येत राहिला : इतके गवत, इतके पाणी, आणि माणसे कुठे आहेत?

त्या प्रश्नाआधी किल्ल्यांविषयी थोडेसे, कारण मराठी माणसाला किल्ला दिसला की दुसरे काही दिसत नाही. तीन लॉखांच्या संगमावर, एका छोट्या बेटावर आयलन डोनन नावाचा किल्ला आहे. दगडी पूल, खाली पाणी, मागे डोंगर. 'कुछ कुछ होता है' (१९९८) च्या शीर्षकगीतात तो आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्या पुलावर उभे राहून मामींनी फोटो काढून घेतला नसता तर आमची सहल पुढे सरकलीच नसती. मूळ किल्ला तेराव्या शतकातला. पण १७१९ मध्ये सरकारी जहाजांनी तोफा डागून आणि सुरुंग लावून तो जमीनदोस्त केला आणि पुढे दोनशे वर्षे तिथे केवळ ढिगारा होता. आज जे दिसते ते बांधून पुरे झाले १९३२ साली, पुलासकट. म्हणजे हा 'मध्ययुगीन' किल्ला आपल्या गेटवे ऑफ इंडियापेक्षा आठ वर्षांनी धाकटा! लॉख नेसच्या काठचा अर्कर्ट मात्र अजून मोडकाच आहे. १६९२ मध्ये निघून जाणाऱ्या सरकारी शिबंदीनेच तो उडवून दिला. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या गडांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. किल्ला जिंकण्यापेक्षा तो पुन्हा कुणाच्या उपयोगी पडू नये याची काळजी राज्यकर्त्यांना अधिक असते.

आयलन डोनन ज्या किंटेलच्या मॅकेन्झी घराण्याचा, त्याच घराण्याच्या प्रमुखाने, सीफोर्थच्या फ्रान्सिस हम्बरस्टन मॅकेन्झीने, १७९३ मध्ये ७८ वी हायलंडर्स ही पलटण उभी केली. दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, ही पलटण कुठे होती? आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या रणांगणावर, शिंदे-भोसल्यांच्या तोफांसमोर. शेजारी ७४ वी हायलंडर्स होती. आपल्या क्रमिक पुस्तकात या लढाईत 'इंग्रज' जिंकले असे लिहिलेले असते. त्या इंग्रजांपैकी कित्येकांना इंग्रजी धड येतही नसेल; त्यांची भाषा गेलिक. डोंगरातली कुळे होती ती. तिथली रीत अशी होती : जमीनदाराने पलटण उभी करायची, कुळांनी पोरगे द्यायचे आणि त्या बदल्यात घरची जमीन राहील असा भरवसा धरायचा. असईच्या पाण्याशेजारी मेलेल्या त्या पोरांच्या गावांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मला इतिहासाच्या तासाला कधी पडला नव्हता. तो त्या पुलावर पडला.

काय झाले ते पाहायचे तर अगदी उत्तर टोकाला, सदरलंड परगण्यातल्या स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात जावे लागते. नदी संथ, दोन्ही काठ हिरवेगार, रस्ता एकेरी. समोरून गाडी आली की 'पासिंग प्लेस'च्या फलकापाशी थांबायचे आणि हात वर करून एकमेकांना रामराम करायचा. मला हा रिवाज फार आवडला. पण त्या खोऱ्यात बराच वेळ रामराम करायला कोणी भेटले नाही. सायरी नावाच्या वस्तीजवळ झाडीत रोझल नावाची एक मोकळी जागा आहे. तिथे गाव होते. आता घरांच्या जोत्यांचे दगड आहेत, गवताखाली बुजलेल्या भिंतींच्या रेघा आहेत आणि जमीन तिरप्या उन्हात नीट पाहिली तर नांगरटीचे जुने वरंबेही दिसतात.

हे गाव १८१४ ते १८१८ च्या दरम्यान उठवले गेले. जमीन सदरलंडच्या काउंटेस एलिझाबेथची आणि तिच्या अतिश्रीमंत इंग्रज नवऱ्याची. लोकरीला भाव आला होता. कुळांकडून मिळणाऱ्या खंडापेक्षा दक्षिणेकडच्या शेविएट मेंढ्या चारणारा एकच मोठा भाडेकरू परवडत होता. म्हणून कुळांना नोटिसा गेल्या : खोरे सोडा आणि समुद्रकाठी दगडाळ तुकडे दिले आहेत तिथे जा, मासे धरा. ज्यांनी जन्मभर गुरे राखली त्यांनी मासे धरायचे! घरांची आढी-वासे पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून ती पाडली, जाळली. हे काम पाहणारा कारभारी पॅट्रिक सेलर स्वतःच त्या खोऱ्यातल्या मेंढ्यांच्या कुरणाचा नवा भाडेकरू होता. घर पेटवल्यामुळे एक अतिवृद्ध बाई दगावली या आरोपावरून १८१६ मध्ये इन्व्हर्नेसला त्याच्यावर खटला झाला. ज्यूरीत बहुतेक जमीनदार वर्गातलेच लोक. सेलर निर्दोष सुटला. १८१९ मध्ये खोऱ्यातली आणखी पुष्कळ गावे रिकामी झाली. रोझलचाच एक गवंडी, डोनल्ड मॅक्लाउड, याने पुढे या साऱ्याची हकिगत वर्तमानपत्रात पत्रे लिहून प्रसिद्ध केली, म्हणून ती आपल्याला त्या बाजूने वाचायला मिळते. एरवी दप्तर असते ते कारभाऱ्याचे. कुळाचे दप्तर नसते.

समुद्रकाठच्या ज्या जागी या लोकांना नेऊन बसवले, त्यातल्या एका गावाचे नाव बेटीहिल. ते काउंटेस एलिझाबेथच्या नावावरून पडले आहे. (आपल्याला त्यात 'बेटी' ऐकू येते, हा भाषेचा क्रूर विनोद.) आणि पूर्व किनाऱ्यावर गोल्स्पीला याच घराण्याचा डनरॉबिन नावाचा राजवाडा आहे. एकशे एकोणनव्वद खोल्या, परीकथेतल्यासारखे निमुळते मनोरे, खाली बाग, पलीकडे समुद्र. १८३५ ते १८५० च्या दरम्यान त्याला हे रूप दिले ते लंडनच्या पार्लमेंटची इमारत रचणाऱ्या चार्ल्स बॅरीने. मागच्या डोंगरावर त्या नवऱ्याचा, म्हणजे पहिल्या ड्यूकचा, प्रचंड पुतळा आहे. कित्येक मैलांवरून दिसतो. तो त्याच्या कुळांनी आणि स्नेह्यांनी उभारला, असे त्यावर कोरलेले आहे. रोझलचे दगड पाहिल्यावर चोवीस तासांच्या आत हा पुतळा पाहावा, असे मी प्रत्येकाला सुचवीन.

ग्लेन्कोचे अडतीस जगाला माहीत आहेत आणि स्ट्रॅथनेव्हरचे हजारो नाहीत, असे का? मला वाटते, तलवारीची गोष्ट होते, नोटिशीची होत नाही. विश्वासघात, बर्फ, मध्यरात्र : यात नाट्य आहे. खंड वाढवणे, मुदत संपणे, वासे जाळणे यात कागद आहे. शिवाय कत्तलीची जागा कत्तलीची म्हणूनच दाखवावी लागते; उठवलेले गाव मात्र चांगले 'निसर्गदृश्य' होऊ शकते, आणि झालेही तसेच. १७४६ च्या कलोडनच्या पराभवानंतर या डोंगराळ लोकांच्या पोशाखावर कायद्याने बंदी आली होती. ती उठली १७८२ मध्ये. मग १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा वॉल्टर स्कॉटच्या सूचनेवरून तोच घोळदार पोशाख घालून मिरवला. सरदारांनी टार्टन पांघरले. आणि त्याच सुमारास टार्टनची खरी मालक असलेली माणसे कॅनडाच्या जहाजांवर चढत होती! पुढे १८५२ मध्ये व्हिक्टोरिया राणीसाठी बॅल्मोरल विकत घेतले गेले. मेंढ्यांचा धंदा बसला तिथे शिकारीसाठी हरणे राखली गेली. मेंढ्या आणि हरणे कोवळी रोपे वर येऊ देत नाहीत, म्हणून कित्येक डोंगर आज उघडे दिसतात. तो उघडेपणा आपण 'आदिम' म्हणून डोळे भरून पाहतो.

मामी यावर वैतागल्या. "अगं, सुट्टीवर आलोय आपण," त्या म्हणाल्या. "दोनशे वर्षांपूर्वीची रडगाणी कशाला? डोंगर बघ की!" मामा गाडी चालवीत होते, त्यांनी शहाण्या माणसाप्रमाणे मौन पाळले. मामींचा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. सगळे काही जमीनदारांच्या माथी मारता येत नाही, असे म्हणणारे इतिहासकारही आहेत. लोकसंख्या वाढली होती, जमीन निकस होती, समुद्रशेवाळ जाळून राख विकण्याचा धंदा नेपोलियनची युद्धे संपल्यावर बुडाला, १८४६ मध्ये बटाट्यावर रोग पडून उपासमार झाली. आणि पुष्कळजण आपखुशीने, चांगल्या आयुष्याच्या आशेने परदेशी गेले. हे सारे मान्य. पण स्ट्रॅथनेव्हर रिकामे झाले ते बटाट्याच्या तीस वर्षे आधी, आणि तिथली जमीन निकस नव्हती. निकस असती तर मेंढ्यांसाठी कुणी तिच्यावर डोळा ठेवला असता का? आणि हे कळल्याने डोंगर कमी सुंदर झाले, असे मला क्षणभरही वाटले नाही. अॅपलक्रॉसच्या घाटाचे नाव 'बेलख ना बा'. अर्थ विचारला तर 'गुरांची खिंड'. तो सव्वासहाशे मीटरचा चढ मोटारीची दमछाक करतो. या वाटेने लोक गुरे हाकीत होते हे समजल्यावर त्या वळणांत मला खुरांचे आवाज ऐकू आले, एरवी फक्त इंजिनाचा आला असता.

आता या रस्त्यांचीच जाहिरात होते. २०१५ पासून इन्व्हर्नेसहून निघून उत्तर किनाऱ्याने परत इन्व्हर्नेसला येणारा सुमारे ८३० किलोमीटरचा फेरा 'नॉर्थ कोस्ट ५००' या नावाने जगभर विकला जातो. त्यामुळे खानावळी चालतात, तरुणांना काम मिळते. पण थांबायच्या जागा मुक्कामी गाड्यांनी अडतात आणि सुट्टीपुरत्या येणाऱ्यांनी घरांचे भाव वाढवले की गावच्या पोराला गावात घर मिळत नाही, अशी तक्रारही तिथे आहे. ती मला खरी वाटते. मेंढ्यांनी एकदा गाव उठवले, प्रवाशांनी ते दुसऱ्यांदा उठवू नये. उलट दिशेचे उदाहरणही त्याच वाटेवर आहे : असिंटच्या छोट्या शेतकऱ्यांनी १९९३ मध्ये वर्गणी गोळा करून, मालक कंपनीचे दिवाळे निघाल्यावर, सुमारे २१ हजार एकर जमीन स्वतःच विकत घेतली. २००३ च्या कायद्याने असा हक्क स्कॉटलंडच्या इतर ग्रामीण समाजांनाही मिळाला. लॉख असिंटच्या काठी अर्ड्व्हरेक किल्ल्याचे अवशेष आहेत. प्रत्येक गाडी तिथे थांबते. त्या जमिनीची ही गोष्ट सांगणारे कुणी मला तिथे भेटले नाही.

आपल्यापैकी कोणी जाणार असेल तर सोबत वेळापत्रकात एक जागा लिहून ठेवावी. गोल्स्पीहून इन्व्हर्नेसकडे येताना अर्डगे लागते. तिथून आत सोळा किलोमीटरवर, रस्ता जिथे संपतो तिथे, क्रॉइकचे छोटे चर्च आहे. १८४५ च्या मे महिन्यात ग्लेनकॅल्व्हीच्या दरीतून उठवलेली माणसे या चर्चच्या आवारात, थडग्यांमध्ये कापडाचा आडोसा करून राहिली होती. आत गेली नाहीत. चर्चच्या खिडकीच्या शंकरपाळ्यासारख्या काचांवर त्यांनी चार ओळी खरडल्या, त्याही स्वतःच्या गेलिकमध्ये नव्हे, इंग्रजीत. एका ओळीत तर आपल्यावरच दोष घेतला आहे. ती अक्षरे बाहेरच्या अंगाने खरडलेली असल्यामुळे आत, बाकावर बसून पाहिली तर उलटी दिसतात. वाचायची तर बाहेर, थडग्यांमधल्या गवतात उभे राहावे लागते.