बांधावरचे खत आणि बटाईदार

युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते. त्यावरील सरकारी अनुदान कारखानदारास मिळते. उलट तुरीच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र फुकट स्थिर करतात. बांधावरच्या गिरिपुष्पाचा, म्हणजे खेड्यातल्या उंदीरमारीचा, कोवळा पाला जमिनीत गाडला की लवकर कुजतो. जनावरेही त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. मग लहान शेतकरी ते का लावीत नाही? त्याला अज्ञानी ठरविणे सोयीचे आहे, एवढेच. पुष्कळांची जमीन तोंडी बटाईची असते. पुरेसा पाला हाती येण्यास दोन-तीन वर्षे लागतात, बटाईची खात्री मात्र एका हंगामाचीच. ‘कूळ लागेल’ या १९५७ च्या कृषकदिनापासूनच्या धास्तीने मालक कागद करीत नाही. रोपे वाटण्याआधी बटाईदाराची नोंद आणि पाल्यावरील त्याचा हक्क, ही मागणी शाखांनी तहसीलदारापुढे मांडावयास हवी.